दुसरी इमारत उभी करण्याआधी पहिलीत राहणाऱ्यांना विचारा

प्रति,
विश्वस्त मंडळ आणि बांधकाम समिती,
आमचे ज्येष्ठ नागरिक निवास, इंदूर

स. न. वि. वि.

जेवणघराबाहेरच्या फळ्यावर आपली सूचना लागली आहे. निवासाच्या दुसऱ्या इमारतीला मंजुरी मिळाली, तीही पहिलीसारखीच कारखान्यात तयार केलेल्या लाकडी पॅनेलांची असेल, नकाशा तोच, कंत्राटदार तोच, आणि तुळशीचं लग्न झालं की भूमिपूजन. सूचनेत एक वाक्य आहे : 'सध्याच्या रहिवाशांच्या उत्तम प्रतिसादामुळे उत्साहित होऊन.' हे पत्र त्या वाक्यापायी लिहिते आहे.

तो प्रतिसाद कसा घेतला गेला ते आम्हाला ठाऊक आहे. डिसेंबरात उद्घाटन झालं आणि त्याच पंधरवड्यात एक छापील कागद फिरला. 'इमारत आवडली का? हो / नाही.' थंडीचे दिवस, नव्या लाकडाचा उजळ रंग, खिडकीतून पायांवर येणारं कोवळं ऊन. सगळ्यांनी 'हो'वर खूण केली, मीही केली, आणि त्या दिवसांपुरतं ते खरंच होतं. नंतर उन्हाळा गेला, पावसाळा गेला, आता ऑक्टोबरचं ऊन पडलं आहे. तो कागद काही पुन्हा फिरला नाही.

कार्यालयात मी लेखी कळवलं होतं. 'नोंद घेतली आहे' असं उत्तर आलं. नोंद वहीत राहिली आणि मंजुरी फळ्यावर आली, म्हणून आता चारचौघांत लिहिते आहे. आणखीही एक कारण आहे. आपली इमारत बघायला देवास-उज्जैनपासून संस्थांची माणसं येतात, फोटो काढतात, कौतुक करून जातात. उद्या तेही अशाच इमारती बांधतील. इमारत बघणं वेगळं नि तिच्यात नांदणं वेगळं, एवढं त्यांच्याही कानांवर जायला हवं. संस्थेचं नाव मुद्दाम घातलेलं नाही, कारण मला बदनामी करायची नाही, दुरुस्ती हवी आहे.

माझा संबंध काय म्हणाल तर रामबागेतलं घर विकून त्या पैशांतली मोठी रक्कम इथे अनामत ठेवली आहे. म्हणजे आता परत जायला जागा नाही. दुसरं असं, की नोकरीची सगळी वर्षं मी अभियांत्रिकी महाविद्यालयात बांधकाम साहित्य हा विषय शिकवला. त्यामुळे 'काकू, लाकूड म्हटलं की एवढं चालायचंच' असं कंत्राटदाराचा मुलगा म्हणाला तेव्हा मला हसू आवरलं नाही.

लाकडाला माझा विरोध नाही, हे आधी सांगून टाकते, नाहीतर पुढचं सगळं 'जुन्या वळणाची बाई' म्हणून बाजूला पडेल. थंडीत इथली भिंत हाताला गार लागत नाही, पाठ टेकून बसता येतं. विटांच्या घरात जानेवारीत ते जमत नसे. बांधकाम झटपट होतं हेही खरं. कॅनडात व्हँकुव्हरच्या विद्यापीठात २०१७ साली विद्यार्थ्यांसाठी अठरा मजली वसतिगृह उभं राहिलं. त्याचा लाकडी सांगाडा सुटे भाग जागेवर आल्यावर सत्तर दिवसांच्या आत चढला. कारखान्यात घर बनवून जागेवर जोडणं आपल्या शहरालाही नवीन नाही. नव्या बांधकाम-तंत्रांचे नमुने म्हणून केंद्राने काढलेल्या लाइटहाउस प्रकल्पातली १,०२४ घरं कनाडिया भागात पोलादी सांगाडा आणि सँडविच पॅनेलं (दोन पातळ पाट्यांमध्ये हलकं भरण असलेली) वापरून बांधायला घेतली गेली, त्याची पायाभरणी १ जानेवारी २०२१ ची. आणि लाकडाचं म्हणाल तर ज्या गावात राजवाड्याचे खालचे तीन मजले दगडी आणि वरचे लाकडी आहेत, तिथे लाकडी मजल्याचं अप्रूप कोणाला असणार!

पण जुन्या लोकांनी लाकडावर जे घातलं होतं, ते तुमच्या नकाशात नाही. तिथूनच सुरुवात करते.

माझ्या खोलीच्या बरोबर वर एक काका राहतात. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. थोडं थोडं पण रोज चाला, असं डॉक्टरांनी बजावलेलं. ते वॉकर घेऊन चालतात. वॉकरचे पाय टेकले की माझ्या छतात 'धप्प' होतं. कानाला कमी आणि छातीला जास्त जाणवतं. मांडणीवर एकात एक ठेवलेल्या स्टीलच्या वाट्या किणकिणतात. मी काही बोलले नव्हते, पण कोणीतरी त्यांना बोललं असावं. त्यांनी वॉकरच्या पायांना सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे गुंडाळले, वरून सुतळी आवळली. टकटक गेली, धप्प राहिलं. मग त्यांनी चालणंच कमी केलं. दुपारी खालचे झोपतात म्हणून चालत नाहीत, संध्याकाळी खाली भजन असतं म्हणून चालत नाहीत, रात्री तर विचारायलाच नको. हल्ली बराच वेळ ते खुर्चीत बसून असतात. घराच्या जमिनीपायी एका माणसाचं चालणं सुटलं, हे तुमच्या कुठल्या अहवालात यायचं नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

असं का होतं? १२५ मिलिमीटर जाडीचा काँक्रीटचा स्लॅब चौरस मीटरला ३०० किलो भरतो. तेवढ्याच जाडीचं लाकडी पॅनेल साधारण ६० किलो. आवाज अडवण्याचं काम मुख्यतः वजन करतं; वजन दुप्पट केलं की हवेतून पलीकडे जाणारा आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो, असा ढोबळ हिशेब आम्ही वर्गात सांगत असू. इथे तर वजन पाचपट कमी. पावलाच्या दणक्याची गोष्ट त्याहून चिवट आहे. तो खालच्या पट्टीतला आवाज असतो, आणि सतरंजी किंवा गालिचा त्याला दाद देत नाही. त्यासाठी लाकडी पॅनेलवर एक लवचीक थर घालावा लागतो, त्यावर कोरड्या खडीचा किंवा पातळ काँक्रीटचा वजनदार थर, आणि तो थर भिंतीला कुठेही चिकटू द्यायचा नाही. खालचं छत लवचीक टांगण्यांवर वेगळं टांगायचं. भिंत आणि मजला जिथे मिळतात तिथे रबरासारख्या पट्ट्या बसवायच्या, म्हणजे दणका भिंतीत उतरून शेजारच्या खोलीत जात नाही. या पट्ट्या पॅनेलं रचतानाच घालाव्या लागतात. नंतर अख्खा मजला त्यांच्यावर बसलेला असतो, मग कोण काढणार आणि कोण घालणार? 'आधी बांधू, मग बघू' ही भाषा इथे लागू पडत नाही ती यामुळे.

रामबागेतल्या घराची माडी लाकडीच होती. तुळया, त्यावर कड्या, कड्यांवर फळ्या आणि फळ्यांवर चांगला वीतभर गाऱ्याचा थर. वर मुलं लगोरी खेळल्यासारखी नाचायची आणि खाली सासूबाई खुशाल झोपलेल्या असायच्या. तो गारा बिनकामाचा नव्हता. व्हँकुव्हरच्या त्या वसतिगृहातही लाकडी पॅनेलांवर काँक्रीटचा थर घातलेला आहे. नॉर्वेत २०१९ मध्ये ८५.४ मीटर उंचीची अठरा मजली लाकडी इमारत झाली. तिच्या वरच्या सात मजल्यांना मुद्दाम काँक्रीटच्या लाद्या आहेत, कारण वजन नसेल तर वाऱ्याने इमारत डुलते आणि आतल्या माणसाला ते जाणवतं. पडायचा प्रश्नच नव्हता, माणसाला बरं वाटावं म्हणून केलेला खर्च होता तो. आपल्या कंत्राटदाराने ब्रोशरवर परदेशी इमारतींचे फोटो छापले, जमिनीवरचा थर मात्र तिकडेच ठेवला.

आवाजालाच लागून हादऱ्याचा मुद्दा येतो. माणूस सेकंदाला साधारण दोन पावलं टाकतो. उभ्या दिशेची कंपनं आपल्या शरीराला सर्वांत जास्त कळतात ती सेकंदाला चार ते आठ या टप्प्यातली. म्हणून युरोपची लाकूड-संहिता सांगते, की घराच्या मजल्याची स्वतःची कंपनसंख्या सेकंदाला आठच्या वर ठेवा, खाली आली तर वेगळी तपासणी करा. तुमच्या इंजिनिअरांनी मजला भार पेलतो का हे तपासलं असेलच, त्याविषयी मला शंका नाही. वरच्या बोळातून औषधांची ढकलगाडी गेली की पलंगावर पडलेल्या माणसाला ती अंगावरून गेल्यासारखी वाटते, हे कोणी तपासलं? तोल जाण्याची भीती असलेली माणसं आम्ही. पायाखालची जमीन किंचित जरी लवली तरी हात आधी भिंत शोधतो.

आता उन्हाळा. याच्यावर मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण 'लाकडी घर उन्हाळ्यात थंड' हे वाक्य आपल्या माहितीपत्रकात मोठ्या अक्षरांत आहे आणि ते अर्धंच खरं आहे.

लाकडातून उष्णता सावकाश जाते, काँक्रीटच्या मानाने साधारण दहाव्या हिश्श्याने. इथपर्यंत ठीक. पण उष्णता काही भिंतीतूनच येत नाही. ती पश्चिमेच्या काचेतून येते, पत्र्याच्या छपरातून येते, फ्रिजमधून, दिव्यांतून, आपल्या स्वतःच्या शरीरातून येते. दगडामातीची जाड भिंत ही आतली उष्णता दिवसभर शोषत राहते, खोलीची हवा लगेच तापू देत नाही. हलक्या घरात शोषायला काही नसतं, म्हणून आत आलेलं ऊन तासाभरात अंगावर येतं. हलक्या घराचा फायदा असा, की रात्रीची हवा आत घेतली तर ते निवतंही लवकर. आणि हा फायदा घ्यायला माळव्यासारखी जागा नाही. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर. मे महिन्यात दुपारी पारा चाळिशी ओलांडतो, पण उत्तररात्री पंचविशीच्या आसपास येतो. 'शब-ए-मालवा' म्हणून जिचं कौतुक आहे ती हीच रात्र. ती घरात यायला उघडी खिडकी तेवढी लागते.

आमच्या खिडक्या सरकत्या आहेत, दोन झडपांच्या. म्हणजे अर्धीच उघडते. त्या अर्ध्या भागाला गज नाहीत. त्यामुळे रात्री नऊ वाजले की चौकीदार तळमजल्यावर फेरी मारतो आणि सांगतो, 'अम्मा, खिड़की लगा लो, कुछ भी अंदर आ सकता है.' त्याचं चूक नाही, त्याला तसा हुकूम आहे. दार उघडतं ते बंदिस्त बोळात, तेव्हा वारा आरपार जायचा प्रश्नच नाही. मे महिन्यात रात्री अकरा वाजता माझ्या टेबलावरचा तापमापक ३६ दाखवायचा. तोच उचलून बाहेरच्या ओट्यावर ठेवला की थोड्या वेळात २९ वर यायचा. बाहेर फुकटचा गारवा आणि आत आम्ही घामाघूम, मधे फक्त एक काच.

केंद्राने २०१८ मध्ये निवासी इमारतींसाठी 'इको निवास संहिता' काढली. तिच्यात आपल्यासारख्या संमिश्र हवामानाला उघडणाऱ्या खिडक्या-झरोक्यांचं क्षेत्र जमिनीच्या क्षेत्रफळाच्या किमान साडेबारा टक्के असावं असं म्हटलं आहे. माझी खोली वीस चौरस मीटरची धरा, म्हणजे अडीच चौरस मीटर उघडायला हवं. मी टेप लावून मोजलं. खिडकी दीड मीटर बाय एक मीटर वीस, आणि त्यातलं अर्धं उघडतं. होतं ०.९ चौरस मीटर. बेरीज-वजाबाकी आपण करा.

एसी बसवा असं माझं म्हणणं नाही. विलायतेतलं बावीस अंश तापमान मला नकोच. राष्ट्रीय इमारत संहितेच्या २०१६ च्या आवृत्तीत आपल्या लोकांच्या सवयीचा विचार करणारी मोजणी आली आहे; अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाने देशातल्या कार्यालयांत प्रत्यक्ष माणसांना विचारून ती बसवली. बाहेरचं सरासरी तापमान ३२ असेल तर खिडक्या उघड्या असलेल्या इमारतीत तिशीच्या आसपास आपल्या माणसाला बरं वाटतं, असा तिचा हिशेब निघतो. तीस चालेल हो आम्हाला! पंखा आहे, माठ आहे, पन्हं आहे. छत्तीस चालत नाही. म्हाताऱ्या शरीराला घाम कमी येतो, तहान उशिरा लागते आणि त्रास होतोय हे कळेपर्यंत बराच त्रास झालेला असतो.

आणि या सगळ्यात ज्यांना सर्वांत जास्त सोसावं लागतं, त्यांच्या हातात तो 'हो / नाही'चा कागद दिलाच नव्हता. आमची शुश्रूषा करणाऱ्या दोघी मावशी वरच्या पोटमाळ्यावर राहतात. डोक्यावर थेट पत्र्याखालचं पॅनेल, मधे हवा खेळायला पोकळी नाही, उतरत्या छपराकडेला उभंही राहता येत नाही. खिडकी म्हणाल तर एक काच, न उघडणारी. दुपारी दोन ते चार त्यांची विश्रांतीची वेळ. उन्हाळाभर त्या दोघी ती वेळ जिन्याच्या मधल्या टप्प्यावर, पायरीला डोकं टेकून काढत होत्या. आल्या-गेल्याला वाटायचं, बायका गप्पा मारत बसल्या आहेत. नकाशात त्या खोलीचं नाव 'स्टोअर / कर्मचारी' असं आहे. सामान आणि माणूस एकाच चौकटीत.

वासाविषयी थोडक्यात लिहिते. कपाटं, अस्तराच्या पाट्या, पलंगाचे माथे यांतल्या चिकट द्रव्यांतून फॉर्मल्डिहाइड नावाचा तिखट वासाचा वायू निघतो आणि गरम-दमट हवेत तो जास्त निघतो. डोळे चुरचुरणं, घसा खवखवणं ही त्याची लक्षणं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा घनमीटरला ०.१ मिलिग्रॅम आहे, अर्ध्या तासाच्या सरासरीची. आपल्याकडे किती आहे? कोणी मोजलेलं नाही. तक्रार केल्यावर बोळात रूम फ्रेशनर लावला गेला, त्यामुळे आता दोन वास येतात.

पावसाळ्यात दारं फुगली. लाकूड दमट हवेत फुगणार आणि कोरड्या हवेत आकसणार, हा त्याचा धर्मच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. एप्रिलची खडखडीत कोरडी हवा आणि जुलैचा ओलावा या दोन्हींत फट किती ठेवायची, हे आधी ठरवायचं असतं. एका आजींचं न्हाणीघराचं दार आतून अडकलं आणि सुतार येईपर्यंत त्या आतच राहिल्या. तेव्हापासून त्या कडी न लावता आंघोळ करतात. ऐंशी ओलांडलेल्या बाईवर ही वेळ यावी? न्हाणीच्या उंबऱ्यालगतचं लाकूड काळं पडू लागलं आहे. लाकडातला ओलावा वीस टक्क्यांच्या वर टिकून राहिला की बुरशी कुजवायला लागते. तो मोजायचं हातातलं यंत्र मिळतं आणि ते महागही नाही. पाइन-स्प्रूससारखं मऊ लाकूड म्हणजे सागवान नव्हे, वाळवीला ते मेजवानीच आहे. पायाशी वाळवीरोधक प्रक्रिया केली का, केली तर कधी, आणि पुन्हा कधी करणार, याचा कागद आम्ही मागितला होता.

जेवणघराचं छत आणि चारी भिंती उघड्या लाकडाच्या आहेत. फोटोत फार छान दिसतं. पण गुळगुळीत लाकूड बोलण्याचा आवाज शोषत नाही, परत फेकतं. आमच्यातल्या निम्म्याजणांच्या कानात यंत्र आहे. ताटं, चमचे, खुर्च्या आणि बोलणं यांचा एकच काला होतो आणि यंत्र तो सगळा मोठा करून कानात ओततं. म्हणून लोक यंत्र काढून जेवतात. जेवणाची वेळ ही इथली गप्पांची वेळ होती. छताला थोड्या शोषक पाट्या आणि खुर्च्यांना रबरी बूच एवढ्यानेही फरक पडेल.

आगीबद्दल मी भीती घालणार नाही. जाड लाकूड आगीत मिनिटाला अर्धा-पाऊण मिलिमीटरच्या गतीने कोळसत जातं आणि आतला गाभा बराच वेळ भार पेलतो, हे मी स्वतः शिकवलं आहे. पण १९८४ मध्ये राजवाडा जळताना पाहिलेली माणसं इथे राहतात. त्यांना रात्री झोप लागावी म्हणून दुसरा जिना कुठे आहे, तो कुलपात का असतो आणि वॉकरवाल्यांना कोण उतरवणार, हे एकदा प्रत्यक्ष करून दाखवा.

आता आपल्या बाजूचं जे बोललं जातं त्याविषयी. एक म्हणजे, 'वय झालं की तक्रारी वाढतात.' वाढतात, कबूल. पण तापमापकाचं वय झालेलं नाही. दुसरं, 'वाढीव खर्च कुठून आणायचा?' हा प्रश्न रास्त आहे. देणगीच्या पैशाला मर्यादा असते. पण जमिनीचा थर, जोडांमधल्या पट्ट्या, बाहेरची सावली आणि उघडणाऱ्या खिडक्या हा खर्च नकाशावर असताना केला तर आटोक्यात राहतो, नंतर करायचा तर इमारत उसवावी लागते. तिसरं थोडं नाजूक आहे. आपल्या इंजिनिअरांना लाकडाची सवय नाही, आणि यात त्यांचा एकट्यांचा दोष नाही. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने १९९३ मध्ये आपल्या कामांत लाकूड बंद केलं ते २०२० मध्ये पुन्हा सुरू झालं. मधल्या पिढीने लाकूड हाताळलंच नाही. मग ज्यांना येतं त्यांना विचारावं, किंवा ज्यांच्या अंगावर प्रयोग झाला त्यांना तरी विचारावं. आपण दोन्ही केलं नाही.

मागण्या सरळ आहेत.

दुसऱ्या इमारतीचा कार्यादेश थांबवावा. आवाज, मजल्याची कंपनं आणि हवेतलं फॉर्मल्डिहाइड आत्ता या महिन्यातही मोजता येतं. उष्णतेसाठी मात्र पुढचा मे बघावाच लागेल. प्रत्येक दिशेच्या आणि प्रत्येक मजल्याच्या एकेका खोलीत, पोटमाळ्यासकट, तापमान आणि आर्द्रता नोंदणारी छोटी यंत्रं ठेवावीत. शहरात अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत. शेवटच्या वर्षाच्या मुलांना असा प्रकल्प मिळाला तर ती आनंदाने करतील. आकडे आले की ते फळ्यावर लावावेत, आम्ही वाचू शकतो.

रहिवाशांना आणि कर्मचाऱ्यांना नीट विचारावं. 'आवडली का' असं नाही. 'अगदी थंड'पासून 'अगदी गरम'पर्यंत सात पायऱ्यांची मोजपट्टी जगभर वापरतात, ती घ्यावी. झोप, आवाज, वास, उजेड, दार उघडायला लागणारा जोर, सगळं विचारावं; उन्हाळ्यात एकदा, पावसाळ्यात एकदा, थंडीत एकदा. नाव लिहायची सक्ती नको. इथे राहणाऱ्याला व्यवस्थापनाची भीड असते, हे आपण समजून घ्यावं.

दिवाळीपर्यंत करता येण्यासारखंही बरंच आहे. तळमजल्याच्या खिडक्यांना गज आणि जाळी, म्हणजे त्या रात्री उघड्या राहतील. पश्चिमेच्या खिडक्यांना बाहेरून बांबूच्या चिका. आतून पडदा लावून उपयोग नाही, ऊन तोवर आत आलेलं असतं. न्हाणीच्या दारांना बाहेरूनही उघडेल अशी कडी. वरच्या काकांच्या खोलीत जाड रबरी चटई, आणि जमत असेल तर त्यांना तळमजल्यावरची रिकामी खोली. मावशींना पोटमाळ्यावरून खाली आणावं, हे तर आजच.

दुसऱ्या इमारतीचा नकाशा बदलावा : जमिनीवर वजनदार थर, जोडांत लवचीक पट्ट्या, छपराखाली हवेची पोकळी, पश्चिमेला खोल ओसरी, खिडक्या पूर्ण उघडणाऱ्या. कंत्राटात या गोष्टींचे आकडे लिहावेत आणि कंत्राटदाराच्या अनामत रकमेचा काही भाग एक उन्हाळा आणि एक पावसाळा आत माणसं राहून गेल्यावर, मोजणी बघूनच सोडावा. बांधकाम समितीत रहिवाशांचे दोन आणि कर्मचाऱ्यांचा एक प्रतिनिधी असावा, आणि त्यांना मत असावं. नुसतं चहाला बोलावू नये.

या पत्राखाली ज्यांनी सह्या केल्या आहेत त्यांतल्या काहींनी आधी नको म्हटलं होतं; मुलगा परदेशात आहे, इथून काढलं तर कुठे जाऊ, असं त्यांचं म्हणणं पडलं. तरी त्यांनी सही केली. सही केली म्हणून कोणालाही काही ऐकावं लागणार नाही, एवढं लेखी आश्वासन फळ्यावर लावावं.

चर्चेला आपण बोलवाल अशी आशा आहे. बैठक कार्यालयातल्या एसीत न घेता ऑक्टोबरचं ऊन उतरायच्या आत एखाद्या दिवशी दुपारी तीन वाजता मावशींच्या पोटमाळ्यावर ठेवावी. खुर्च्या मावणार नाहीत, सतरंज्या आम्ही घालू. खाली माझ्या खोलीत कोणीतरी एक विश्वस्त बसावेत, म्हणजे वरच्या मजल्यावर माणसं चालली की छतात काय होतं तेही कळेल.

कळावे, लोभ असावा.

आपली,
तळमजल्यावरची एक रहिवासी
(आणि सोबत सह्या करणारे इतर रहिवासी व कर्मचारी)